तालमीतलं पोर घडवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? (वय १० ते १७)

कृष्णाकाठ

आमच्या गावची जुनी तालीम पुन्हा सुरू झाली आहे. हौदा (कुस्तीचा मातीचा आखाडा) चांगला आहे, शेजारच्या शेडमध्ये गादीही (कुस्तीची मॅट) आली आहे. पंचवीसेक पोरं येतात. वस्ताद एकच. गावाने वर्षाचा थोडा निधी ठरवला आहे आणि तो कसा खर्चायचा यावर समितीत दोन तट पडलेत.

एक तट म्हणतो, ज्या चार पोरांत चमक दिसते त्यांच्या खुराकावर सगळा पैसा लावा, बाकीची बघून बघून शिकतील. दुसरा म्हणतो, सगळ्यांना सारखं द्या. मला पहिलं पटतं. गावातून एक जरी पैलवान राज्याला गेला तरी मागची वीस पोरं त्याच्याकडे बघून तालमीत येतील. पण सतराव्या वर्षापर्यंत निम्म्याहून जास्त पोरं गळतात, हेही खरं. खुराक, व्यायामाचं प्रमाण, माती की गादी, मैदानं (जत्रेतल्या इनामी कुस्त्या) किती मारावीत, यावर जाणकारांनी नेमकं सांगावं. "कष्ट करा" एवढंच नको.

लालमाती

ती चार पोरं निवडली कशी, ते आधी सांगा. वय बारा-तेरा असेल आणि जिंकतात म्हणून निवडली असतील, तर बहुतेक वेळा आपण कसब निवडत नाही, लवकर आलेलं वय निवडतो.

मुलगे साधारण साडेतेरा-चौदाच्या आसपास सगळ्यात झपाट्याने उंच होतात, पण कुणाचं हे बाराव्या वर्षी होतं तर कुणाचं पंधराव्या. एकाच वर्गातली, एकाच वजनाची दोन पोरं घ्या. एकाच्या मिशा फुटल्यात, दुसऱ्याचा आवाजही बदललेला नाही. पहिला दुसऱ्याला नुसत्या जोरावर दाबतो. त्याला डाव शिकायची गरजच पडत नाही, म्हणून तो शिकत नाही. सोळाव्या वर्षी दुसऱ्याच्या अंगात ताकद भरली की पहिल्याकडे काहीच उरत नाही, आणि तोवर दुसऱ्याने तालीम सोडलेली असते, कारण तीन वर्षं त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. तुमच्या गळतीचं मोठं कारण हेच असायची शक्यता आहे.

उपाय स्वस्त आहे. एक वही करा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी उपाशीपोटी, अनवाणी उंची आणि वजन. तीन महिन्यांत उंची दोन सेंटीमीटरहून जास्त वाढली तर पोर वाढीच्या झपाट्यात आहे असं धरा. त्या काळात पोर अडखळतं, पट काढताना (समोरच्याचा पाय धरून पाडताना) पाय चुकतो, काल जमलेला डाव आज जमत नाही. त्याला "आळशी झालास" म्हणायचं नाही. तेव्हा वजन उचलणं आणि उड्या कमी करा, पवित्रा आणि पकड यावर वेळ द्या.

नडगी_घोटा

वहीला +१. तिच्यात आणखी एक रकाना घाला: कुठे दुखतंय. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरी गाठ आली की समजावं, बैठका आणि उड्या वाढीपेक्षा पुढे गेल्यात. मांडीचा स्नायू ज्या जागी हाडाला धरतो ती जागा या वयात कच्ची असते. डॉक्टरांकडे याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. पूर्ण विश्रांती बहुतेकदा लागत नाही. बैठका निम्म्या करा, उड्या बंद, मांडीचं ताणणं रोज, सरावानंतर बर्फ. वाढ संपली की बहुतेकांचं थांबतं. बळजबरीने पाचशे बैठका काढायला लावल्या तर पोर दोन महिन्यांत लंगडत घरी जातं आणि परत येत नाही.

हौद्यातला

पाचशे बैठका हा काही गुन्हा नाही हो. जुने पैलवान हजारात काढायचे.

नडगी_घोटा

@हौद्यातला, काढायचे, पण मोठे झाल्यावर आणि वर्षानुवर्षं चढवत. दहा-बारा वर्षांच्या पोराला जोर १० चे तीन फेरे, बैठका १५ चे तीन फेरे, पाठ सरळ आणि टाच जमिनीला. आकार बिघडला की फेरा तिथेच संपला. आठवड्याला साधारण दहा टक्क्यांच्या वर वाढवायचं नाही. मानेचा ब्रिज (डोकं टेकवून पाठीची कमान) पहिले सहा महिने हातांचा आधार घेऊनच. मान तयार नसताना वरून जोडीदाराचा भार दिला तर होणारी इजा आयुष्यभराची असते, इथे तडजोड नको.

चुलीपासचं_शास्त्र

खुराकावर लिहिते. समितीचा पैसा सगळ्यात जास्त वाया जातो तो इथे.

४५ किलोच्या, रोज सराव करणाऱ्या पोराला दर किलोमागे दीड ते पावणेदोन ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे दिवसाला ७० ते ८० ग्रॅम. हिशेब घरच्या ताटातच बसतो. म्हशीचं अर्धा लिटर दूध, साधारण १८ ग्रॅम. दोन अंडी, १२. मोठी मूठभर (४० ग्रॅम) शेंगदाणे, १०. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, १० च्या आसपास. दिवसभरातल्या चार ज्वारीच्या भाकऱ्या, २० च्या आसपास. झाले ७० च्या आसपास. यात प्रोटीन पावडरचा डबा कुठेही उघडावा लागला नाही.

बदामावर एवढा खर्च का करता? शंभर ग्रॅम बदामात २१ ग्रॅम प्रथिनं, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात २५. भाव तुम्हीच बघा. थंडाईला माझा विरोध नाही. बदाम, खसखस, मगज, बडीशेप, मिरी कुंडीत घोटून दुधातून घेतली की सरावानंतर पाणी, साखर, थोडी प्रथिनं एकदम मिळतात. पण वीस बदाम घोटून पोराला पाचच ग्रॅम प्रथिनं गेलीत, हे लक्षात ठेवा. पाच बदाम आणि एक उकडलेलं अंडं जास्त काम करतं.

तूप: ५० ग्रॅम म्हणजे ४५० कॅलरी. वजन वाढवायचं असेल त्यालाच, आणि सरावाआधी कधीच नाही, पोट जड होऊन पोर ढिलं पडतं. सरावाआधी दीड तास दोन केळी किंवा गूळ-पोळी पुरे.

म्हणून निधी चार पोरांच्या बदाम-तुपावर घालू नका. त्याच पैशात सगळ्या पोरांना सरावानंतर ग्लासभर दूध आणि दोन अंडी मिळतात (अंडी न खाणाऱ्याला भिजवलेले हरभरे-शेंगदाणे). जे पोर घरून उपाशी येतं त्याची चमक दिसणार कशी? ते निवडीत मागेच राहणार.

गादीवाला

माती की गादी यावर. पोराला पुढे स्पर्धा खेळायची असेल तर गादी टाळता येत नाही. पंधरा आणि सतरा वर्षांखालच्या गटात दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. ताबा मिळवला की २ गुण, पाठ धोक्यात आणली की २, रेषेबाहेर ढकललं की १, फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. मातीतलं पोर पहिली दोन मिनिटं खडाखडीत अंदाज घेत बसतं आणि तेवढ्यात चार गुणांनी मागे पडतं. शिवाय मातीत पाय थोडा रुततो, गादीवर बूट घसरत नाही, त्यामुळे एकेरी पटात शिरायचा वेग वेगळा. भारंदाज (खालच्या गड्याला कमरेत धरून लोळवायचा डाव) तर गादीवरच घोटावा लागतो. एकदा जमला की ताबा न सोडता दोन-दोन गुण ओळीने मिळतात.

खाशाबा जाधवांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला सहावे आले, तेव्हा गादीची सवय नव्हती. १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ आणलं. मधली चार वर्षं कामाला आली.

हौद्यातला

गादीवाले, तुमचं गुणांचं बरोबर आहे. पण दहा वर्षांच्या पोराला सुरुवात मातीतच द्या. पडायला भीती वाटत नाही. हौदा उकरायला लावला की खांदा, कंबर, पकड सगळं गरम होतं, वेगळा वॉर्मअप लागत नाही. आणि मातीत वेळेची घाई नसते, म्हणून पोर समोरच्याचा तोल वाचायला शिकतं. घिस्सा, ढाक, एकलंगी या डावांचं मर्म तोल वाचण्यातच आहे. महाराष्ट्र केसरीला आजही माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांचीच शेवटची कुस्ती होते. दोन्ही अंगं लागतात.

गादीवाला

मान्य. मग असं करू: १० ते १२ ला आठवड्यात तीन दिवस माती, एक दिवस गादी. १३ ते १५ ला निम्मं-निम्मं. सोळानंतर ज्याला स्पर्धा खेळायच्या आहेत त्याचे चार दिवस गादीवर.

पन्हाळ्याची_वाट

थोडं अवांतर, पण हौद्याचा विषय निघालाच आहे म्हणून. माती नुसती लाल असून चालत नाही. आधी चाळणीतून काढून खडे बाजूला करा, मग ताक, लिंबाचा रस, हळद, तेल, कापूर. तेलाने धूळ बसते आणि माती अंगाला मऊ लागते. दोन-अडीच फूट खोल तरी हवी. रोज खणली नाही तर आठ दिवसांत खाली दगडासारखी बसते आणि पोरांचे खांदे निखळतात. संध्याकाळी हलकं पाणी मारायचं, चिखल नाही.

डॉक्टर_कराडकडचे

हळद-ताक घाला, परंपरा म्हणून छान आहे, पण धनुर्वाताला त्याचा भरवसा धरू नका. सरकारी वेळापत्रकात १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. नेमका तुमचाच वयोगट. यादी करून सगळ्यांची एकदम घ्या.

गादी रोज पुसा. एक भाग साधं ब्लीच, शंभर भाग पाणी, पुसून वाळू द्या, मगच पोरं उतरवा. गजकर्ण एका पोराला झालं की पंधरा दिवसांत अर्धी तालीम खाजवते. लाल गोल चट्टा दिसला की ते पोर जोडीच्या सरावातून बाहेर, एकट्याचा व्यायाम चालेल. दुकानातून "सगळ्यावर चालणारं" मलम आणू नका. त्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी पसरते. लंगोट आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, रोज धुऊन उन्हात.

आता महत्त्वाचं. वजन तोडणं, म्हणजे खालच्या गटात बसायला झटपट वजन उतरवणं. सतराच्या आत बंद, हा नियम समितीने भिंतीवर लिहावा. १९९७ साली अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने वजन तोडताना मेले. त्यानंतर तिथे शाळकरी मुलांना शरीरातली चरबी ७ टक्क्यांच्या खाली आणि मुलींना १२ च्या खाली जाईल असं वजन लढायला बंदी आली, आणि आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून जास्त उतरवायला मनाई झाली. म्हणजे ५० किलोच्या पोराने आठवड्यात ७५० ग्रॅम, त्यापुढे नाही. पाणी बंद करून, रेनकोट घालून पळवून तीन किलो उतरवलेलं पोर जिंकलं तरी त्याची वाढ आपण खाल्ली. लघवी जास्त व्हायच्या गोळ्या तर उत्तेजक चाचणीतही बंदीच्या यादीत आहेत.

आणि आता मोठ्या स्पर्धांत दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होतं. २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट अंतिम कुस्तीच्या सकाळी १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. तिच्यामागे अख्खं पथक होतं. गावच्या तालमीत कोण आहे?

वारणेचा_पूर

वजनावर १०० टक्के सहमत. मैदानांचं कुणी बोललंच नाही. जत्रांच्या दिवसांत पोरं आठवड्यात तीन-तीन मैदानं मारतात. इनाम पन्नास-शंभर रुपये, प्रवास टेम्पोत, जेवण मिळेल तिथे, रात्री एकला घरी, सकाळी शाळा. चौदाच्या आतल्याला पंधरवड्यात एक मैदान पुरे. जोड वस्तादांनीच बघून लावायची. बाहेरच्या आयोजकाने "होतंय की" म्हणून दोन वर्षांनी मोठा गडी समोर दिला तर हात जोडून नाही म्हणायचं. हरण्यातून शिकतात हे खरं, पण ज्या कुस्तीत पकडही धरता येत नाही तिच्यातून काय शिकणार?

माणदेशी_लेक

पंचवीस पोरांत मुली किती? धाग्यात शब्दही नाही म्हणून विचारते. २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने जिंकली. तुमच्या पट्ट्यातलंच आहे.

मुली आणायच्या तर आधी या गोष्टी: कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली, चालू पाण्याचं संडास, सरावाच्या वेळी एक बाई हजर. वस्तादांनी डाव शक्यतो दुसऱ्या मुलीवर दाखवायचा. निदान दोन-तीन मुली एकदम सुरू करा. एकटी मुलगी टिकत नाही, जोडच मिळत नाही. मुलींची वाढ मुलग्यांआधी दोनेक वर्षं होते, त्यामुळे लालमाती यांची वही मुलींसाठी दहाव्या वर्षापासून हवी. सहा महिन्यांतून एकदा हिमोग्लोबिन. पाळी तीन महिने थांबली तर खाणं कमी पडतंय किंवा सराव जास्त होतोय असं धरून सरळ डॉक्टरांकडे पाठवा. "खेळाडूंचं असंच असतं" म्हणून सोडू नका, हाडं ठिसूळ होतात.

कृष्णाकाठ

मुली तीन आहेत, खोली नाही. या महिन्यात करून घेतो.

वहीचं आणि दुधाचं पटलं. पण एक वस्ताद पंचवीस पोरांकडे कसा बघणार? चारच निवडण्यामागे हेही कारण आहे.

लालमाती

तीन गट करा, वयावर नाही, किती येतं त्यावर. कच्चा गट: पडणं, पवित्रा, हाताची पकड, सरकणं. मधला: एकेरी पट, दुहेरी पट, त्यातून सुटका, खालची कुस्ती. पक्का: जोड लावून लढत. वस्तादांनी रोज एकाच गटावर चाळीस मिनिटं पूर्ण लक्ष द्यायचं. बाकी दोन गटांना ठरलेलं काम, त्यावर पक्क्या गटातलं एक पोर नजर ठेवेल. शिकवताना त्या पोराचा स्वतःचा डावही साफ होतो.

एका पोराला एका दिवशी एकच चूक सांगायची. "डोकं खाली जातंय" एवढंच. पाच चुका सांगितल्या की पोर एकही सुधारत नाही. दुसऱ्या दिवशी तीच चूक बघायची, सुधारली तर सगळ्यांसमोर नाव घ्यायचं. वहीत लिहून ठेवलं तरच हे जमतं, पंचवीस जणांचं डोक्यात राहत नाही.

आणि झोप. पाचची तालीम असेल तर पोर आठच्या आत झोपलं पाहिजे, तेरानंतर आठ ते दहा तास लागतात, त्याहून लहानाला नऊ ते बारा. घरी ते शक्य नसेल तर शाळा असलेल्या दिवशी सकाळचा सराव बंद करा, संध्याकाळचाच ठेवा. अर्धवट झोपेतला सराव अंगी लागत नाही, इजा तेवढ्या होतात.

शाळा_सुटल्यावर

गळतीचं आणखी एक कारण: दहावी. आईबापांना पुढचं काही दिसत नाही. त्यांना बोलावून सांगा की शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रं मान्यताप्राप्त स्पर्धांची असतात, जत्रेतल्या गदेची नाही. प्रत्येक पोराची एक फाईल: जन्मदाखला, आधार, शालेय स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं, फोटो. जन्मतारीख बदलून खालच्या गटात खेळवायचा मोह कुणालाही झाला तर तिथेच थांबवा, पुढे पडताळणीत अख्खं करिअर जातं.

लहान पोरांसाठी क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्या आहेत: ३० मीटर धावणं, ८०० मीटर, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन वगैरे. हे महिन्यातून एकदा तालमीतच घ्या. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्येही कुस्ती आहे, पण तिथल्या मुलांच्या कंपनीची भरती चौदाच्या आतच होते, हे बऱ्याच गावांना उशिरा कळतं.

आणि जे पोर कुस्तीत पुढे जाणार नाही त्याच्याकडेही बघा. एकाला गुण पटकन कळतात, त्याला पंच करा. एकाला शिकवता येतं, त्याला पदवीनंतर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम आहे. पोलीस भरतीला तालमीतलं अंग कामाला येतंच. ही पोरं गावात राहतात आणि पुढची तालीम तीच चालवतात.

हौद्यातला

हे अगदी बरोबर. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ते काही पैलवान नव्हते.

कृष्णाकाठ

समितीपुढे असं मांडतो: दूध-अंडी सगळ्यांना. वही आणि वजनकाटा लगेच. मुलींची खोली. वजन तोडायला बंदी. वेगळा खर्च फक्त स्पर्धेच्या प्रवासाचा, आणि तो सोळानंतर. चार पोरांची यादी तूर्त फाडून टाकतो, दोन वर्षांनी वही बघून ठरवू.

एक राहिलं. एका पोराचा कान कालपासून सुजलाय, मऊ लागतोय. वस्ताद म्हणतात, पैलवानाचा कान असाच होतो, राहू दे.

डॉक्टर_कराडकडचे

राहू देऊ नका. कूर्चा आणि कातडीच्या मध्ये रक्त साठलंय. एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे काढून घेतलं आणि वर दाबपट्टी नीट बांधली तर कान पहिल्यासारखा होतो. आठ-दहा दिवस गेले की गोठून कडक होतो, मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही. घरी सुई घालू नका, कूर्चेत पू होतो. पट्टी निघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत जोड नाही, त्यानंतर कानपट्टा घालून. आज संध्याकाळीच न्या.

कृष्णाकाठ

निघालोच.